येवल्याची ‘पैठणी’: शब्द, शब्दसमूह आणि अर्थ

‘येवल्याची पैठणी’ या दोन शब्दांत दोन गावे आहेत, तरी ऐकणाऱ्याला विसंगती जाणवत नाही. ‘पैठणची ती पैठणी’ हा शब्दाच्या घटकांवरून निघणारा अर्थ; आपल्या परंपरेत त्याला यौगिक अर्थ म्हणतात. वापरातून पक्का होतो तो रूढ अर्थ. ‘पैठणी’त आज गाव मागे पडले आहे आणि वस्तूची लक्षणे पुढे आली आहेत: रेशीम, जरीचे काठ, हातमागावर विणलेला नक्षीदार पदर. म्हणून येवल्यात विणलेलीही पैठणीच.

शब्दसमूहाचा अर्थ मात्र नुसत्या बेरजेने मिळत नाही. ‘लाल पैठणी’ लालही असते आणि पैठणीही. ‘नकली पैठणी’ मात्र पैठणी नसतेच. तिथे विशेषण नामालाच बाद करते. बाजारातली ‘सेमी पैठणी’ या दोहोंच्या मधली. यंत्रमागावरच्या साडीला हे नाव देताना रूप राहते, हातविणीची अट गळते. त्यामुळे एकेकाळी पुनरुक्ती वाटली असती अशी ‘हातमागाची पैठणी’ ही जोडी आज गरजेची झाली आहे.

२०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. एरवी शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात. इथे कायद्याने त्याला कुंपण घातले. अर्थ सैल झाला, की एका पदरासाठी दिवसचे दिवस मागावर बसणाऱ्या येवल्याच्या विणकराच्या श्रमाला वेगळे नाव उरत नाही, आणि नाव नसले की दामही मिळत नाही.