पिशवी काढली, पण अंडाशयांचं काय?

आमच्या फुलसावंगीत बायका 'पिशवी काढली' एवढंच सांगतात. सोबत अंडाशयंही काढली का, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीसमोर बीडच्या ऊसतोड बायकांचा आकडा आला: 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. मग पाळीच नको, असं वाटणारच ना?

पण नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, अंडाशयं इस्ट्रोजेन बनवत राहतात. दोन्ही अंडाशयं गेली की पस्तिशीतच रजोनिवृत्ती, तीही एकदम. अंगातून गरम वाफा, झोप नाही, कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीनं हे भरून निघत नाही.

बीआरसीए जनुकात दोष असेल, तर अंडाशयं काढण्यात अर्थ आहे. नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून नाही.

ऑपरेशन झालंय? डिस्चार्ज कार्ड शोधा. (आम्ही कोडवाले आधी लॉगच बघतो!) त्यावर 'बीएसओ' असेल, तर दोन्ही अंडाशयं गेलीत. वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या उपचाराबद्दल विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ते आधी सांगा.