उन्हाळ्यात हत्तीगवत मुळाशी कापू नका. पाणी कमी असेल तर आधी ठोंब वाचवा

नंदुरबार : एप्रिल-मे महिन्यात जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. विहिरी, बोअर खाली जातात आणि त्याच वेळी गोठ्यात हिरव्या चाऱ्याची ओढाताण सुरू होते. अनेक पशुपालकांकडे पाच-दहा गुंठे हत्तीगवत, म्हणजे संकरित नेपियर असतं. राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत, फुले गुणवंत किंवा कोइमतूरचं को-४ हे वाण त्यासाठी लावले जातात. एकदा लावलं की तीन-चार वर्षं चारा मिळतो. पण उन्हाळ्यात कापणी आणि पाणी चुकलं तर ठोंब मरतात. मग पावसाळ्यात पुन्हा बेणं आणा, पुन्हा लावा आणि पहिल्या कापणीसाठी दोन-अडीच महिने थांबा.

वीतभर खुंट ठेवा

चारा कमी पडला की विळा जमिनीला टेकवून कापायची सवय लागते. नुकसान इथंच होतं. नवीन फुटवे खालच्या खुंटावरच्या डोळ्यांतून येतात आणि ते फुटायला लागणारं अन्नही खुंटात व मुळांत साठलेलं असतं. म्हणून जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर खुंट ठेवूनच कापा. दोन कापण्यांत किमान ४५ दिवसांचं अंतर ठेवा. कापलेल्या वाफ्यात शेळ्या सोडू नका. त्या कोवळे फुटवे मुळापर्यंत खातात.

पाणी खोल द्या

रोज वरवर पाणी शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि उन्हात होरपळतात. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ८ ते १० दिवसांनी भरपूर पाणी द्यावं. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीत पाळी लवकर लागते. लाइट रात्रीची असेल तर उलट चांगलं, कारण रात्री किंवा पहाटे दिलेलं पाणी कमी उडतं. ओळींमध्ये उसाचं पाचट किंवा केळीची वाळलेली पानं पसरली तर ओल जास्त दिवस टिकते.

युरिया बेताने

कापणीनंतर एकरी २० ते २५ किलो युरिया पुरे, तोही पाणी असेल तरच. कोरड्यात जास्त युरिया टाकला तर गवतात नायट्रेट साठतं आणि ते जनावराला विषारी ठरतं. युरिया टाकल्यावर लगेच ते गवत कापून घालू नका.

पाणी संपत आलं तर

सगळा वाफा अर्धवट भिजवण्यापेक्षा निम्मा नीट भिजवा. उरलेल्या निम्म्याला कापणी बंद करा. वरची पानं वाळली म्हणजे गवत मेलं असं नाही. एक खुंट चिरून बघा. आत ओलसर पांढरं-हिरवं दिसलं तर ठोंब जिवंत आहे, पहिल्या चांगल्या पावसावर तो फुटेल. आत तपकिरी, कोरडा असेल तर तेवढीच जागा जूनमध्ये भरून काढा.

कोवळी ज्वारी घालू नका

हत्तीगवत कमी पडलं की शेतातली पाण्याविना खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेला तिचा कोवळा फुटवा जनावरापुढे टाकला जातो. त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर थोड्या वेळात दगावू शकतं. कडवळ फुलोऱ्यावर आल्यावरच कापा. जनावर धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, थरथरून पडलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

शाळेच्या हरळीलाही हाच नियम

शाळा, ग्रामपंचायतीच्या आवारातली हरळीची लॉनही उन्हाळ्यात अगदी बारीक कापू नये. दोन-तीन बोटं उंच ठेवली तर जमीन झाकलेली राहते. गावात पिण्याच्या पाण्याची टंचाई असेल तर लॉनचं पाणी बिनधास्त थांबवा. हरळी पिवळी पडते, पण मुळं जिवंत असतात आणि पावसात ती पुन्हा हिरवी होते.

चारा पिकांचे वाण आणि बेण्याबाबत कोळदा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी कार्यालयात चौकशी करता येईल.