‘पोलीस कारवाई’तील उणीव

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची राजवट कोसळली. या लष्करी मोहिमेला नाव मिळाले ‘पोलीस कारवाई’! मुरुड-लातूरच्या टापूत, जो तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, रयतेला उणीव भासली ती मात्र पोलिसांचीच. गावचा बंदोबस्त वंशपरंपरेने पोलीस पाटलाकडे असे. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांपुढे तो हतबल ठरला होता. रझाकार पांगले आणि सूडाची लाट उसळली. ज्यांनी कधी शस्त्र धरले नव्हते, अशा मुसलमान शेजाऱ्यांवर ती कोसळली.

केंद्र सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना लागली. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील होते, असे समितीने नोंदविले. आकड्यांविषयी वाद घालता येईल. परंतु अहवाल कित्येक दशके दप्तरात दडवून ठेवल्याने तो मिटला नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती क्वचितच सांगितली जाते. काही गावांत हिंदू विणकरांनी आपल्याच धंद्यातील मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले.