अतिनील सूर्याचा पाठलाग

सूर्याचे बहुतेक अतिनील किरण वातावरणच अडवतं. त्या प्रकाशात सूर्य पाहायचा तर वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पहिलं वाहन मिळालं ते युद्धातलं. जून १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेनं व्ही-२ रॉकेटवर वर्णपटमापक चढवला. रॉकेट वाळवंटात आदळलं, उपकरण मातीत गेलं. ऑक्टोबरात रिचर्ड टाउसी यांच्या गटानं वर्णपटमापक शेपटीच्या पंखात बसवला, तेव्हा कुठे फिल्म हाती लागली.

१९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावरून सूर्यावरच्या ज्वाला टिपल्या गेल्या, पण फिल्म बदलायला अंतराळवीरांना यानाबाहेर पडावं लागे. पुढे सोहो आणि ट्रेस ही सूर्यवेधी यानं आली. खरा पालट मात्र २०१० च्या एसडीओ या सूर्यवेधी यानानं घडवला. दर बारा सेकंदांनी वेगवेगळ्या तरंगलांबींतली चित्रं! (त्यातले सोनेरी-हिरवे रंग शास्त्रज्ञांनी सोयीसाठी दिलेले, हे सांगितलेलं बरं.) १७.१ नॅनोमीटरला सुमारे सहा लाख अंशांच्या वायूची वेटोळी दिसतात, ३०.४ ला त्याहून पुष्कळ थंड हीलियम. १३.१ चं चित्र एरवी निस्तेज असतं. पण मोठी ज्वाला उसळली की कोटभर अंशांचा वायू तिथंच झळकतो. पिक्सेल भरून वाहू लागतात, चित्रावर उभी पांढरी रेघ उमटते आणि गाळणीला आधार देणाऱ्या जाळीमुळं तिरप्या फुल्याही दिसतात.

२०११ मध्ये टॉम वूड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही ज्वाला क्ष-किरणांत ओसरल्यावरही ३३.५ नॅनोमीटरला पुन्हा उजळतात, कधी तासाभरानं, कधी त्याहून उशिरा. एकाच तरंगलांबीवर भिस्त ठेवणारा तिथं फसतो.

तरीही २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात संपूर्ण सूर्यबिंब अवकाशातून कुणी टिपलेलं नव्हतं. ती उणीव पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत घडलेल्या ‘सूट’ दुर्बिणीनं भरून काढली. आदित्य-एल१ या भारतीय सूर्ययानावरच्या या दुर्बिणीत अकरा गाळण्या आहेत. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक्स ६.३ वर्गाची (एक्स म्हणजे सर्वांत तीव्र) ज्वाला तिच्या टप्प्यात आली आणि सूर्याच्या खालच्या थरांतली झळाळी इतक्या तपशिलात प्रथमच दिसली. माझ्या मते सूटचं मोल इथंच आहे: वरचा तापलेला वायू इतरांनी पाहिला होता, या पट्ट्यात पायथा पाहायचा राहिला होता.

एसडीओची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. पुढच्या मोठ्या ज्वालेची बातमी आली की १३.१ आणि ३३.५ ची चित्रं शेजारी ठेवा, आणि दोन तासांनी पुन्हा उघडून पाहा.