पाणी, समीकरणं आणि सुटे भाग

धरण फुटल्यावर पाणी कसं धावेल, हे संगणकावर मांडता येतं. पाणी म्हणजे असंख्य कण मानायचे आणि प्रत्येकावर शेजाऱ्यांचा किती जोर पडतो ते मोजायचं. १९७७ साली ही पद्धत ताऱ्यांच्या अभ्यासासाठी निघाली. पवईच्या आयआयटीत प्रभू रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिच्यासाठी ‘पायएसपीएच’ हे मुक्त सॉफ्टवेअर घडवलं.

त्याची रचना मला फार मोलाची वाटते. पायथन या संगणकभाषेतला सोपा कोड वेगवान कोडमध्ये बदलणारा भाग त्यांनी बाहेर काढून ‘कम्पाइल’ नावाचं स्वतंत्र पॅकेज केलं. पायएसपीएच त्यावर अवलंबून आहे. कम्पाइलला मात्र पाण्याची काहीच खबर नाही. अवलंबित्व असं एकाच दिशेनं वाहिलं पाहिजे. दोन मॉड्यूल एकमेकांवर विसंबली, की एक सुधारताना दुसरं मोडतं आणि दोन्ही वेगळी तपासता येत नाहीत.

कृष्णा-वारणेचा पूर पाहिलेल्या ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामनगरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं पायएसपीएच वापरलं, तर त्याला मुख्यतः आपली समीकरणं लिहायची असतात. मात्र कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली, हे त्यानं फाइलीत नोंदवावंच. नाहीतर दोन वर्षांनी तोच प्रयोग वेगळी उत्तरं देऊ शकतो किंवा चालतच नाही.