गिधाड नर की मादी?

विद्यार्थी मित्रांनो, मोर कोणता आणि लांडोर कोणती, हे तुम्ही चटकन सांगाल. ससाण्यांत मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. पण दोन गिधाडे शेजारी बसली, तर त्यांतला नर कोणता हे पक्षितज्ज्ञालाही नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही.

हे ओळखण्याची एवढी गरज का पडावी? आमच्या पाथरीकडच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उजेडात आले आणि २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

उरलेली गिधाडे वाढवण्यासाठी हरियाणात पिंजोर येथे प्रजनन केंद्र चालवले जाते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. चुकून दोन नर एकत्र ठेवले, तर ते वर्ष फुकट गेलेच म्हणायचे!

येथे डीएनए मदतीला येतो. माणसात पुरुषाची लिंग-गुणसूत्रे वेगवेगळी असतात, पक्ष्यांत मादीची. नराजवळ दोन ‘झेड’, तर मादीजवळ एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’. ‘सीएचडी’ नावाचे जनुक या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण त्यातील काही भागांची लांबी दोहोंवर सारखी नसते.

पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशींतून डीएनए काढतात. पीसीआर यंत्रात हवा तो तुकडा आळीपाळीने तापवून व थंड करून दर फेरीला दुप्पट करतात. दुपटीचा हिशेब करून पाहा : ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे सुमारे १०७ कोटी होतात!

पुढचे काम भौतिकशास्त्राचे. डीएनएवर ऋण विद्युत्प्रभार असतो. हे तुकडे खळीसारख्या मऊ थरात ठेवून वीज सोडली, की ते धनाग्राकडे सरकू लागतात. आखूड तुकडे पुढे जातात, लांब तुकडे मागे राहतात. एकच पट्टा दिसला तर नर, दोन दिसले तर मादी. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या गिधाडांसाठी अशी पद्धत २००७ साली प्रसिद्ध केली.

२०२४ साली पिंजोरची गिधाडे आपल्या ताडोबा व पेंचच्या जंगलांत आणण्यात आली. मित्रांनो, उद्या एखादे गिधाड पाथरीच्या आभाळात घिरट्या घालताना दिसले, तर त्यामागे एका पिसाची आणि दोन पट्ट्यांची करामत आहे, हे विसरू नका.