ठेकेदार काम अर्धवट टाकून गेल्यास

पावसाळा तोंडावर असताना छपराचे पत्रे उतरवून ठेवायचे, मोठा इसार घ्यायचा आणि मग फिरकायचेच नाही, अशा ठेकेदारापुढे दिग्रससारख्या गावातील कुटुंब हतबल होते. परंतु गप्प बसण्याचे कारण नाही. घरबांधणी ही सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. मोबदला देऊन करविलेली दुरुस्तीही सेवाच होय.

घाईघाईने दुसरा मिस्त्री लावण्यापूर्वी पहिल्या ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, असा आमचा आग्रह आहे. कराराच्या अंमलबजावणीविषयीच्या कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, किमान ३० दिवसांची लेखी मुदत दिल्यावरच दुसऱ्याकडून काम करवून त्याचा खर्च पहिल्याकडून मागता येतो. पाऊस तेवढा थांबत नाही, हे खरे! तोवर ताडपत्री घालावी. मात्र आधी अर्धवट कामाची छायाचित्रे काढावीत, पावत्या जपाव्यात. पावती नसेल तर बँकेची नोंद अथवा मोबाईलवरील संदेशही उपयोगी पडतात.

दाद न मिळाल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करावी. ठेकेदार नांदेडचा असला तरी, २०१९ च्या कायद्यामुळे आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या क्रमांकावर मिळते.

पोलिसांकडे जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण मुळापासूनच फसविण्याचा हेतू दिसत असेल तरच तो फसवणुकीचा गुन्हा ठरतो.